टर्नानच्या चौकीवरची बदली

ही गोष्ट खरी आहे. १९९८ साल, नऊ नोव्हेंबर, भर दुपार. लाँगशेर बेटावरची किनारी तोफखान्याची तुकडी त्या दिवशी कायमची बंद होणार होती.

गुन्वोर तिथली स्वयंपाकीण. चाळीस वर्षं तिनं दर गुरुवारी वाटाण्याचं सूप रांधलं होतं.

सकाळीच तिनं मेजर हेडेनला गाठलं.

"पोरा, झेंडा एक वाजता उतरव."

"बारा ठरलेत, गुन्वोर. जनरलसाहेबांची बोट थांबलीये."

"एकला रुनेचा फोन येतो."

सगळ्यांनाच ते ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे.

रुने तिचा धाकटा भाऊ. १९५७ साली याच तारखेला तो समोरच्या टर्नान खडकावरच्या चौकीत पहाऱ्याला होता. त्याच दिवशी दोन तुकड्यांची एक झाली. त्याच्या जागी दुसरा पहारेकरी नेणारी बदलीची होडी समोरचे पाठवतील, असं दोन्ही तुकड्यांना वाटलं.

होडी गेलीच नाही.

तीन दिवसांनी माणसं पोचली. कोट खुंटीला होता. रुने नव्हता...

तेव्हापासून दर नऊ नोव्हेंबरला, चौकीकडची तार केव्हाच तुटलेली असूनही, फोन वाजायचा.

"चौकी टर्नान. बदली कधी?"

गुन्वोरला बदलीचा हुकूम देता येत नव्हता. ज्यांना येत होता, ते फोन उचलत नव्हते.

"आज तरी उचल," ती मेजरला म्हणाली. "उद्या कोण आहे इथे?"

"उचलतो. पण झेंड्याचं माझ्या हातात नाही गं."

बाराला झेंडा उतरला. जनरल केक खाऊन गेले.

एक वाजला.

फोन वाजला...

मेजरनं उचलला. "टर्नान, तुझा पहारा संपला. हा माझा हुकूम."

पलीकडून वारा ऐकू आला.

"कोणत्या तुकडीचा, साहेब?"

बाराला झेंड्याबरोबर तुकडीही संपली होती. मेजरकडे सांगायला नावच उरलं नव्हतं.

गुन्वोरनं फोन हिसकावला. "रुने, मी ताई. घरी ये रे."

"पहारा कसा सोडू, ताई?"

मग काहीच नाही...

मेजर पुढे कार्ल्सक्रोना शहरात बोटींची इंजिनं विकू लागला. त्याच्या घरी फोन बायकोच उचलते. तुकडीचा तो फोन संग्रहालयात गेला. गुन्वोर माझ्या शेजारी, टर्नान दिसेल अशा घरात राहिली आणि २००९ मध्ये वारली.

तिला आम्ही पुरलं. सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

एकाला सोडून...