चाळीस मिनिटांतली माणसं

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू हातात आली की तिचं वजन मनात आपोआप ठरतं. काटेमास्तरांना ती खोड तीस वर्षांची होती. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं आणि सगळा बाजार त्यांना काटेमास्तरच म्हणायचा. फळवाल्याचा गंजका काटा असो की औषधाच्या दुकानातला नाजूक तराजू, मास्तर पितळी वजनं एकेक करून ठेवत, श्वास रोखून बघत आणि म्हणत, "काटा आपणहून खोटं बोलत नाही. त्याला शिकवावं लागतं."

त्यांची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. आपण दोघंही दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरतो, असं ती हसून म्हणायची. मूलबाळ नव्हतं. एकमेकांची सवय मात्र इतकी होती, की एकाला शिंक आली तर दुसरा खिडकी लावायचा.

एका मंगळवारी सकाळी छापखान्याकडे जाताना, चौकाच्या जरा अलीकडे, एका टेम्पोनं तिला उडवलं. टेम्पो थांबला नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी ती पडली. अकरा वाजता एक रिकामी रुग्णवाहिका योगायोगानं त्या रस्त्यानं चालली होती, तिच्या ड्रायव्हरनं पाहिलं आणि उचललं. मध्ये चाळीस मिनिटं गेली.

"रक्त फार गेलंय," डॉक्टर म्हणाले. "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." आणि वाक्य तसंच सोडून ते पुढच्या खाटेकडे वळले.

ते अर्धं वाक्य मास्तरांच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं.

चौथ्या दिवशी तिला मोठ्या वॉर्डात हलवलं. शुद्ध नव्हती. त्याच दिवशी पोलीस चौकीतून हवालदाराचा फोन आला. रस्त्यावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. आवाज नव्हता, टेम्पोचा नंबरही वाचता येत नव्हता. पण माणसं दिसत होती.

"बघा," हवालदार म्हणाला, "नऊ जण. एक जण वाकून बघतोय, दुसरा घड्याळ बघतोय. एकाचाही हात पुढे येत नाही. आसपास चौकशी केली, तर कुणाचंच नाव कळत नाही."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्या चित्रणाची प्रत आपल्या फोनमध्ये घेतली आणि वॉर्डात परत येऊन, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे, बारीक अक्षरात यादी केली. हिरव्या स्कार्फवाली. हेल्मेटवाला. वर्तमानपत्रवाला म्हातारा. पायाला पट्टी बांधलेली बाई. निळ्या स्वेटरचा माणूस. अशी नऊ. नावं नाहीत तर नाहीत, एकेकाला शोधून काढीन आणि भर बाजारात विचारीन, असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून ते तेच बघत राहिले. चाळीस मिनिटं संपली की पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी मान वर केली, तर खाटेच्या पलीकडे एक बाई उभी होती. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ती त्यांच्या बायकोचे ओठ भिजवत होती. अगदी हळू, लहान बाळाचे भिजवावेत तसे.

"ओठ फुटलेत हो," ती म्हणाली. "राहवलं नाही."

"थँक्यू, ताई," मास्तर म्हणाले. चार दिवसांत सख्खा मेहुणा फक्त एकदा डोकावून गेला होता, तोही पार्किंग मिळत नाही म्हणून कुरकुरत. आणि ही कोण कुठली! बाईनं बोळा टाकला, हात पुसले आणि निघाली. दारातून वळताना तिच्या गळ्यातला स्कार्फ दिसला. हिरवा.

मास्तर धावले. जिन्यावर कुणी नव्हतं. खालचा वॉचमन म्हणाला, हिरवं काही गेलं नाही.

परत येऊन त्यांनी फोन उघडला. विजेच्या खांबाशेजारी हिरव्या स्कार्फवाली उभी असायची. त्यांना ती जागा पाठ झाली होती. आता तिथं नुसता खांब होता.

डोळे दमले असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तीनदा पाहिलं. माणसं मोजली. आठ.

दुसऱ्या दिवशी एक माणूस आला. पश्चिमेच्या खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर ऊन यायचं. त्यानं कुणाला न विचारता एक जाड पुठ्ठा आणून खिडकीच्या चौकटीत बसवला, चारी कोपरे दाबून पाहिले आणि सावली नीट पडली का ते वाकून बघितलं. काखेत हेल्मेट होतं. या वेळी मास्तरांनी त्याची कॉलरच धरली.

"तू तिथं होतास!"

"कुठं?" माणूस गोंधळला.

"रस्त्यावर! माझी बायको पडली होती आणि तू खिशात हात घालून बघत होतास! आता आलाय पुठ्ठा लावायला. बैल गेला नि झोपा केला!"

"काका, मला खरंच काही आठवत नाही. एवढंच कळतंय की आठवडाभर हात जड झालेत. चमचा उचलवत नव्हता. आज सकाळी उठलो आणि पाय इकडेच निघाले." त्यानं दोन्ही पंजे उघडून बघितले, मुठी वळल्या, पुन्हा उघडल्या. "आता हलकं वाटतंय."

"तुझं हलकं झालं," मास्तर ओरडले. "माझं काय?"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. त्या क्षणी त्यांची पकड सैल झाली आणि माणूस निघून गेला. फोनमध्ये सात उरले.

मास्तर हिशेबी माणूस. भूतबित मानणारे नव्हेत. कुणीतरी फोनमधल्या प्रतीशी खेळतंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी तडक चौकी गाठली आणि मूळ चित्रण लावायला सांगितलं. तिथंही सातच.

"नऊ होते," मास्तर म्हणाले. "तुम्हीच मोजून दाखवलेत."

हवालदारानं त्यांच्याकडे जरा मायेनं पाहिलं. "सातच होते, मास्तर. तुमची झोप होत नाहीये."

त्यांनी खिशातून यादी काढली. त्यांच्याच अक्षरात नऊ ओळी होत्या. हवालदारानं ती वाचली, घडी घातली आणि परत दिली. "घरी जाऊन जरा पडा," एवढंच म्हणाला.

मग मास्तरांनी दुसरा मार्ग धरला. आता या लोकांना खाटेपर्यंत येऊच द्यायचं नाही. चांगुलपणाच्या पाण्यानं हात धुऊन मोकळं व्हायचंय का? होऊ देणार नाही. ते स्टूल घेऊन वॉर्डाच्या दारात बसले. खाटेला पाठ, हातात फोन. कुणी फळं घेऊन आलं, तुम्ही कोण? कुणी चादर आणून दिली, नको, आमचं आहे. शेजारच्या रुग्णाच्या बिचाऱ्या आत्यालाही त्यांनी उलटतपासणी घेऊन रडवलं.

तरी ती माणसं आलीच. मास्तर औषधं आणायला खाली गेले की. डॉक्टरांनी बोलावलं की. एकदा तर ते दारात बसलेले असताना, नजर फोनवर असताना. वळून पाहिलं तेव्हा पायाला पट्टी बांधलेली बाई खाटेच्या कडेला बसून त्यांच्या बायकोच्या केसांतलं वाळलेलं रक्त कोमट पाण्यानं सोडवत होती. एक एक बट. जराही न ओढता. अर्धा तास तरी बसली असणार. वेणी घालून झाली होती.

"उठा!" मास्तर म्हणाले. "निघा इथून!"

ती लंगडत उठली. "रागावू नका. झालंच आहे माझं."

सिस्टर हे सगळं बघत होत्या. मोठ्या आवाजाच्या, पण मनानं सरळ बाई. त्या मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, स्पष्टच बोलते. लोक येऊन काहीतरी करतायत, तुम्ही त्यांच्यावर खेकसताय. तुम्ही स्वतः कधी हात लावलात का काकूंना? पाय चोळा सांगितलं होतं मी. दिवसभर त्या फोनमध्ये डोकं."

"तुम्हाला नाही कळणार, सिस्टर. हे लोक खुनी आहेत."

"असतीलही. पण पाय गार पडलेत त्यांचे, त्याचं काय?"

पाय चोळायला मास्तर खाटेपर्यंत गेलेसुद्धा. पण तेवढ्यात मनात आलं की आता किती उरले असतील, आणि त्यांनी फोन काढला. चार.

संध्याकाळी तिच्या पायांत लोकरीचे मोजे होते. निळे. कुणीतरी स्वेटर उसवून विणल्यासारखे. फोनमध्ये तीन.

अकराव्या दिवशी म्हातारा आला. त्यानं स्टूल मागितलं नाही, जमिनीवरच बसला आणि तिच्यासाठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लागला. बाजारभाव, हवामान, हरवले-सापडले. मधले शब्द गाळत, अडखळत. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. रागच इतका साचला होता की त्याला बाहेर पडायला वाट सापडेना. म्हाताऱ्यानं शेवटचं पान संपवलं, घडी घातली आणि वर पाहिलं.

"तुमचा नंबर कधी?" त्यानं विचारलं.

"कसला नंबर?"

"मला वाटलं, तुम्ही पण त्यासाठीच बसलाय," म्हातारा म्हणाला आणि गुडघ्यावर हात देत उठला.

बाराव्या दिवशी मास्तरांनी चित्रण लावलं. ऊन होतं. रस्ता होता. त्यांची बायको होती. दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी चौकीत फोन केला. हवालदार म्हणाला, "अहो, तीच तर पंचाईत आहे ना! रस्ता रिकामा होता. एक जरी माणूस असता तर साक्ष तरी मिळाली असती."

तेराव्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले.

डॉक्टर धावत आले. सिस्टरांनी चक्क टाळी वाजवली. मास्तर खाटेजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. हलका झाला होता हात. निम्म्यावर आला होता.

जरा वेळानं तिनं वॉर्डभर नजर फिरवली.

"ती माणसं गेली का हो?"

"कुठली?"

"रस्त्यावरची. मी पडले तेव्हाची." आवाज खोल होता, पण शब्द स्पष्ट. "किती चांगली होती. मी घाबरलेच नाही. एकीनं ओठ भिजवले. ऊन लागत होतं तर एकानं आडोसा धरला. एकीनं केस सोडवले. पाय गार पडले होते, त्यांत कुणीतरी मोजे घातले. आणि एक आजोबा पेपर वाचत होते. निम्मे शब्द खात होते." ती किंचित हसली. "चुका काढायची फार इच्छा होत होती."

मास्तर पुढे सरकले.

"तिथं कुणी काही केलं नाही," ते म्हणाले. "नऊ जण नुसते उभे होते. मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"हो ना," ती म्हणाली. "तुम्हीच बघत होतात."

"मी?"

"कडेला. मान खाली घालून, हातात फोन घेऊन. सगळी जवळ आली, तुम्ही तेवढे आला नाहीत. मी दोनदा हाक मारली."

"मी दुकानात होतो ग. शेजाऱ्यांना विचार. गिऱ्हाईक होतं माझ्यासमोर."

"असाल," ती म्हणाली. तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला.

मास्तर उठून जिन्यात गेले. पायरीवर बसून त्यांनी फोन उघडला.

दहा वाजून एकतीस मिनिटांनी, रिकाम्या रस्त्यावर, तिनं जमिनीवरून डोकं उचललं आणि चित्राच्या उजव्या कडेकडे बघून ओठ हलवले. दहा सेहेचाळीसला पुन्हा.

तिथं, जिथं चित्र संपत होतं, एका माणसाची सावली डांबरावर पडली होती. मान खाली. दोन्ही हात छातीशी.

चाळीस मिनिटांत विजेच्या खांबाची सावली वीतभर सरकली. माणसाची सावली मात्र जागची हलली नाही.