अमरच्या यंत्रातली पावलं

हे आमच्या घरात घडलंय. गेल्या श्रावणात, कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. पटलं नाही तर सोडून द्या. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचे आबा, म्हणजे वडील, त्या श्रावणात गेले.

माझा धाकटा भाऊ अमरसिंह तेव्हा खालच्या खोलीत भूकंप मोजायचं यंत्र बनवत होता. लोखंडी चौकट, तारेवर तोललेला आडवा दांडा, त्याच्या टोकाला वजन. जमीन हलली की लॅपटॉपवरची रेघ हलायची. कोयनेचा धक्का घरबसल्या पकडायचा, हा त्याचा नाद.

धक्का कसला पकडतोय! घरात कोण चाललंय तेच दिसायचं. आबांचा एक गुडघा तालमीत गेलेला. मोठा ठोका, छोटा ठोका... मोठा, छोटा... बघून आबा स्वतःच हसायचे.

दांड्याचा तोल साधायला अमरनं नदीवरून गोटे आणले होते. ते परसातल्या कोनाड्यात असायचे.

आबांना अग्नी मी दिला. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव ज्यात असतो म्हणतात, तो जीवखडा बाळासो काकांनी सांभाळायला घेतला. आणि ठेवला नेमका त्याच कोनाड्यात. अमरला ते माहीतच नव्हतं. मन रमवायला तो सुतकातही यंत्राशी खटपट करत बसायचा. त्यातच त्यानं एक गोटा उचलून दांड्याला बांधला.

दहाव्याला काकांनी दिलेला खडा मी नदीत सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे वर जेवत होतो. खाली कुणी नव्हतं. अमरनं सोबत वर आणलेला लॅपटॉप उघडला...

मोठा, छोटा... मोठा, छोटा...

"दादा, खाली कोण हाय?"

मी जिन्यातून खाली डोकावलो. कुणीच नव्हतं.

काका मान खाली घालून बसले. "दहाव्याला कोनाड्यातल्या गोट्यांत खडा कुठला त्यो वळखंना. मग त्यातलाच एक दिला की. दगुड त्यो दगुड."

आक्कानं, आमच्या आईनं, हे ऐकलं. त्या दिवसापासून तिनं यंत्राशेजारीच अंथरूण टाकलं. रेघेकडं बघत बसायची. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. डोळ्यांदेखत झिजत चालली.

शेवटी आम्ही दांड्याचा गोटा सोडवून तिथं दुसरा बांधला. आक्कानं माझा हात धरला.

"एकटं कुठं धाडताय त्यास्नी?"

मला रडू आलं. पण गेलो. फुगलेल्या पंचगंगेत तो सोडला आणि नमस्कार केला.

घरी आलो. रेघ सरळ होती. आक्का भिंतीला टेकून बसलेली. आम्हाला वाटलं, सुटलो.

आणि रेघ हलली...

बारीक, घाईची पावलं. आम्ही दोघांनीही ओळखली.

आक्काची.

पण आक्का तर आमच्यासमोर बसली होती!

ठोके बारीक होत गेले... लांब कुणीतरी निघाल्यासारखे. अमरनं तिला घट्ट मिठी मारली. मी दार लावलं. कुणाला अडवत होतो, देव जाणे.

रेघ पुन्हा सरळ झाली.

आक्का आजही आमच्यात आहे. जेवते, हाक मारली तर ओ देते. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत.

पण मी यंत्राजवळून गेलो की रेघ हलते. मांजर गेलं तरी हलते.

आक्का चालते तेव्हा हलत नाही.

अमर रोज तार आवळतो, तोल बदलतो. यंत्रच बिघडलंय म्हणतो. मी मान डोलावतो.

परवा आक्का स्वतःच उठली. खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग लॅपटॉपसमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"लेकरा, ह्यात मी कुठं दिसंना रं?"