कोरड्या खोक्यातली ओली पिलं

"आणखी एक गेलं," फोनवर सूनबाईंचा आवाज बसलेला होता. "आता दोनच उरलीत. डॉक्टर, येऊन जाल का?"

जनावरांच्या डॉक्टरचे पाय सकाळपासून बोलत होते. नुकतंच एक चावरं मांजर उरकून ती चहाला टेकली होती. चहा तसाच ठेवून ती निघाली.

तळ्याकाठी कुत्र्याने बदकीण मारली, तेव्हा याच सूनबाईंनी पिलं पिशवीत घालून घरी आणली होती. खोकं न्हाणीघरात, टबाशेजारी होतं. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच सगळं: लाकडाचा भुसा, वर दिवा, उथळ बशीत पाणी आणि पिलांनी आत बसू नये म्हणून त्यात गोटे. दिव्याखाली दोन पिलं एकमेकांना चिकटून थरथरत होती.

डॉक्टरने एक उचललं. मानेपासून शेपटीपर्यंत चिंब. तिने भुशात हात घातला. भुसा कोरडा.

"आंघोळ घातलीत?"

"मी? तुम्हीच पाणी नको म्हणालात ना. मी तर त्यांच्याजवळ शिंकायलाही घाबरते."

दारात सूनबाईंचा नवरा उभा होता, अजून बुटांतच. "हिचाच हलगर्जीपणा. घाईत निघते, काहीतरी सांडून जाते. हिला पिलं सांभाळता येत नाहीत, बाबांना काय सांभाळणार? सोमवारी त्यांना वृद्धाश्रमात पोचवतो. ठरलंय माझं."

सूनबाई दिवा पिलांच्या जवळ सरकवू लागल्या. हे भांडण बहुतेक रोजचं असावं. डॉक्टरला दोघांचाही कंटाळा आला, आणि सूनबाईंची दयाही.

"दुपारी घरी कोण असतं?"

"बाबा. पण ते झोपलेले असतात," नवरा म्हणाला. "झटका आल्यापासून डावा हात हलत नाही त्यांचा. त्यांना कशाला मध्ये घेता?"

"तुम्ही कधी आलात?"

"तुमच्या पाठोपाठच. विचारा हिला."

खुंटीवरून पाणी ठिबकत होतं. तिथे एक टॉवेल होता आणि त्याच्या खाली फरशीवर थारोळं. टबाच्या जाळीत पिवळी लव अडकली होती. डॉक्टर खिडकीशी गेली. बाहेर दोरीवर सूनबाईंनी सकाळी धुतलेले कपडे होते, इतके पिळलेले की सुकूनही त्यांचे पीळ गेले नव्हते.

"हा टॉवेल कोणी टांगला?"

दोघांनीही माना हलवल्या.

डॉक्टर टबाच्या काठावर बसली. उभं राहायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"आईच्या पंखाखाली पिलांना तिच्या अंगाचं तेल लागतं, म्हणून ती भिजत नाहीत. ही पोरकी. पाण्यात सोडली की भिजतात आणि गारठून मरतात. आता बघा. काही सांडलं असतं तर भुसा ओला झाला असता. म्हणजे पिलं बाहेर काढली, टबात सोडली, टॉवेलात धरून वर घेतली, जमेल तशी पुसली आणि परत ठेवली. मारायचंच असतं तर कोणी पुसत बसलं नसतं. मग टॉवेल टांगला, पण पिळला नाही. या घरात कपडे कसे पिळतात ते दोरीवर दिसतंय. टॉवेल पिळायला दोन हात लागतात."

 चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, हे आत्ता कुठे नवऱ्याच्या ध्यानात येत होतं.

"काका," डॉक्टरने हाक मारली, "या बाहेर."

भिंतीला धरत म्हातारबुवा आले. गळ्यात शिट्टी होती. शहरातल्या तलावावर त्यांनी अख्खी हयात पोरांना पोहायला शिकवण्यात घालवली होती.

"गार पाण्याने अंग तयार होतं," ते म्हणाले. "पोरं पहिल्या दिवशी थरथरतातच. मला वाटलं, ही पण..." त्यांनी खोक्यात पाहिलं. "मीच मारली का?"

खोटं बोलायला डॉक्टरची जीभ वळेना. "हो, काका."

"आई नव्हती ना त्यांना. म्हटलं, शिकवणार कोण?"

"माशाच्या पिलाला शिकवावं लागत नाही. यांनाही नाही."

म्हाताऱ्याने शिट्टी गळ्यातून काढली, मुलापुढे धरली. "सूनबाईची काही चूक नाही. सोमवारी मी जातो."

मुलाने शिट्टी घेतली नाही. तो खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिला.

सूनबाईंनी खुंटीवरचा टॉवेल काढला. एक टोक सासऱ्यांच्या उजव्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून पीळ घातला. पाणी टबात पडलं.

"मला पोहता येत नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "रविवारी तलावावर जाऊ. तुम्ही काठावर बसून शिकवा. आज मी फार दमलेय."

"गार असतं पाणी," म्हातारबुवा म्हणाले.

"असू दे."

सोमवारचा विषय मग कोणी काढला नाही. डॉक्टर कोरड्या फडक्याने पिलं पुसत बसली.