हात लागला होता

थाप वाटेल. वाटू दे. हे माझ्या मावसभावासोबत घडलंय. आम्ही त्याला दादा म्हणतो. वायरमन आहे, भुताला नाही, शॉकला घाबरणारा.

लायब्ररीच्या वर त्यांचा बुद्धिबळाचा क्लब. चावी दादाकडे.

तिथेच फायनल झाली. दादा विरुद्ध टेलरकाका.

काकांची सुरुवात ठरलेली. राजापुढचं प्यादं दोन घरं. मग शेजारचं प्यादं फुकट देऊन टाकायचे.

"असं काय उधळता काका?"

"कापल्याशिवाय शिवता येतं का रे गाढवा?"

ऐन मोक्याला दादाने घोड्याला हात लावला. आणि दिसलं... हा हलला की वजीर गेला!

नियम साधा. ज्याला हात लागला, तेच हलवायचं.

दादाने उंट हलवला.

"घोड्याला हात लागला तुझा."

"छे! कुठे?"

बाकी कुणी पाहिलं नव्हतं. काकांनी चष्मा पुसला. "असेल बाबा. डोळेच गेले माझे."

कप दादाला मिळाला.

काकांनी दुसऱ्या दिवशी मशीनवर कापड टाकलं ते कायमचं. "दिसत नसताना लोकांचं कापड कशाला बिघडवू?" महिन्याभरात गेले.

पुढच्या रविवारी, भर दुपारी चारला, दादाने कुलूप उघडलं. आत कुणी नाही. पट मांडलेला...

राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे.

कुणाची तरी मस्करी. त्याने ते मागे ठेवलं.

त्याच्या पुढच्या रविवारी शेजारचं प्यादंही पुढे. त्यावर निळी पूड...

शिंप्याच्या खडूची.

तिसऱ्या रविवारी अख्खा डाव. फायनलमध्ये घोड्याला हात लागला, तीच जागा. दादाची चाल. आणि घड्याळ...

टिक. टिक. टिक.

बुद्धिबळाचं जुनं, चावीचं, दोन तबकड्यांचं घड्याळ; ज्याची चाल त्याच्या बाजूचं चालतं, वेळ संपली की डाव गेला. चावी कुणी दिली?

"काका... हात लागला होता," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. घोडा हलवला. बटण दाबलं. काकांच्या बाजूचं घड्याळ सुरू झालं.

वजीर उघडा पडलेला. पण काका मारेनात.

चार रविवार गेले. घड्याळ चालूच.

परवा दादा माझ्याकडे येऊन रडला. "खोटं सगळ्यांसमोर बोललो आणि कबूल केलं रिकाम्या खोलीत. क्लबात तोंडच उघडत नाही रे. तू लिही."

आज सकाळी हे सगळं आधी क्लबच्या ग्रुपवर टाकलं. दुपारी दादाचा फोन आला.

"वजीर गेला. पटावर नाही, डब्यात नाही, टेबलाखाली नाही."

"मग सुटलास की! घड्याळ थांबलं ना?"

पलीकडे कितीतरी वेळ नुसतं टिक टिक...

"नाही रे. आता माझ्या बाजूचं सुरू झालंय."