दोघांत एकच कोहळा

हे खरं आहे. कुणाला पटवायचं वय आता राहिलं नाही, म्हणूनच लिहिते.

रात्र नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, आयुधपूजेची दुपार होती, लख्ख उन्हाची. बसवनगुडीतलं आमचं इस्पितळ. बाह्यरुग्ण विभाग बंद, शिपाई सुट्टीवर, व्हरांड्यात झेंडूच्या पाकळ्या आणि सांडलेले चुरमुरे.

मी वनजाक्षी. तिथल्या संगणक विभागाची प्रमुख होते. भोकं पाडलेल्या कार्डांच्या काळात नोकरीला लागले. तेव्हाचं यंत्र खोलीएवढं होतं, पण बंद पडलं की बंदच पडायचं. मेलेलं मेलेलं राहायचं.

त्या वर्षी आमच्याकडे दोन नवे सर्व्हर आले. एक नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर, दुसरा जुन्या इमारतीत तळाला. एका जागी आग लागली तर दुसरा वाचावा म्हणून. प्रत्येकाच्या पोटात कितीतरी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे यंत्राच्या आतली यंत्रं, चालायची. रक्तपेढीचं एक, औषधांचं एक, अतिदक्षता विभागाचं एक. एक सर्व्हर पडला, की त्याच्या पोटातली सगळी दुसऱ्याच्या पोटात जागी व्हायची. रुग्णाला कळायचंही नाही.

ही जोडणी करायला दोन पोरं आली होती. तिम्मेश आणि चंद्रहास. तुमकूरच्या वसतिगृहापासूनचे जिवलग. एक स्कूटर, एक डबा. तिम्मेश बडबड्या, समोरच्या दातांत फट, त्या फटीतून सारखी शीळ घालायचा. चंद्रहास मुका म्हणावा इतका शांत.

मीच त्यांना विचारलं होतं, "अरे, पहिला मेला हे दुसऱ्याला कळतं कसं?"

"हाका मारतात अक्का," तिम्मेश म्हणाला. "सारखं चालू असतं. आहेस का? आहे. आहेस का? आहे. उत्तर आलं नाही, की उरलेला दुसऱ्याची वीज तोडतो."

"मेलेल्याची वीज कशाला तोडायची?"

"मेलाय की नुसता गप्प आहे, कुणास ठाऊक! अर्धमेला उठला आणि दोघं एकाच नोंदीवर लिहायला लागले, तर सगळंच नासेल. म्हणून आधी ठार करायचं, मग त्याचं काम उचलायचं."

"बाप रे. आणि याला तुम्ही जोडी म्हणता?"

"लग्न झालंय तुमचं अक्का. तुम्हाला मी काय सांगू?"

चंद्रहाससुद्धा हसला होता.

पूजा नेहमीसारखी झाली. दोन्ही सर्व्हरना गंध, कुंकू, हार. ताटात स्क्रूड्रायव्हर, पकड, आणि नारळ-कोहळ्यासाठी आणलेला माळ्याचा कोयता. त्यालाही कुंकू. देवीला बळी म्हणून कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरलं, वर कापूर लावला, आणि फाटकाशी तिम्मेशनं तो आपटला. लालभडक फोडी रस्त्यावर पसरल्या.

मी म्हटलं, "आता दुसरा आण. यंत्रं दोन, कोहळे दोन."

"अक्का, ही जोडणी आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोन मिळून एकच यंत्र दिसतं. एकात भागलं."

"देवीला फसवतोस होय रे?"

"आतली वायरिंग देवीला कोण दाखवतंय!"

दुसरा कोहळा आणलाच नाही.

पूजेनंतर आयुधाला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो. पण इस्पितळ रिकामं, असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता. चाचणी त्याच दुपारी घ्यायची ठरली. दोन सर्व्हरमधली हाकांची वायर काढायची, वरच्यानं खालच्याला मारून त्याचं काम उचललं की झालं.

तिम्मेश खाली गेला. चंद्रहास आणि मी वर. मधे फोन, स्पीकरवर. तिम्मेशची शीळ त्यातून सारखी येत होती.

"चंद्रा, आहेस का?"

"आहे."

"अक्का, कॉफी मागवून ठेवा. साखर कमी, शिव्या जास्त."

चंद्रहासनं वायर काढली.

आणि...

शीळ थांबली.

सर्व्हर दोन्ही चालूच होते. दोन्हींचे दिवे पडद्यावर हिरवे. थांबली ती फक्त शीळ.

"तिम्मेश, आहेस का?" चंद्रहासनं विचारलं.

काही नाही.

"तिम्मेश, आहेस का?"

स्पीकरमधून साधी खरखरसुद्धा येत नव्हती.

"आहेस का?"

मग त्यानं विचारणं सोडलं. मी त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काळजी नव्हती. राग नव्हता. काहीच नव्हतं... तो उठला आणि दाराबाहेर गेला.

मला वाटलं, बघायला निघाला.

दोन-तीन मिनिटांनी फोन खरखरला.

"अक्का! माझ्याच पायानं पिन निघाली फोनची. चंद्रा कुठाय?"

"खाली येतोय तुझ्याकडे," म्हणता म्हणता माझी नजर बाजूच्या टेबलावर ठेवलेल्या पूजेच्या ताटावर गेली.

स्क्रूड्रायव्हर होता. पकड होती.

कोयता नव्हता.

"तिम्मेश, दार लाव! आतून कडी घाल!"

"का हो? वाघ सुटलाय?"

"हसू नकोस! कडी घाल!"

"अहो, हा काय, आलाच की. ये रे चंद्रा. तोंड असं का... अरे, आहे ना मी! चंद्रा, मी आहे. आहे रे, आ..."

मग तो आवाज आला.

तो आवाज मी सकाळी फाटकाशी ऐकला होता. ओला, फुटका. कोहळा फुटताना होतो तसा.

पुन्हा आला.

पुन्हा.

तिम्मेशचा आवाज कधीच थांबला होता. तो ओला, फुटका आवाज थांबत नव्हता.

माझ्यासमोर पडद्यावर खालच्या सर्व्हरचा हिरवा दिवा विझला. रक्तपेढी वर जागी झाली. औषधं जागी झाली. अतिदक्षता विभाग जागा झाला. एक नोंद हरवली नाही. चाचणी यशस्वी.

मी जिना कशी उतरले, आठवत नाही. व्हरांड्यातच शीळ ऐकू आली आणि मला रडू फुटलं. वाटलं, पोरगं वाचलं.

दार उघडं होतं. भिंतीवर, छतावर, झेंडूच्या हारावर... कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं. तिम्मेशला मानेच्या वर काही ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. पोलिसांनी नंतर त्याला हातातल्या कड्यावरून ओळखलं.

त्याच्या शेजारी चंद्रहास उकिडवा बसला होता. कोयता मांडीवर. आणि शीळ तो घालत होता. त्याच्या दातांत फट नव्हती.

माझ्याकडे बघून तो हसला.

"अक्का, कॉफी मागवलीत का?" आवाज तिम्मेशचा होता. "साखर कमी, शिव्या जास्त."

त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तिम्मेशची आई मधुगिरीहून त्याच्या तोंडावर थुंकायला म्हणून आली. त्यानं तिला तिम्मेशसारखं "अव्वा" म्हटलं आणि विचारलं, लहानपणी मी विहिरीत टाकलेला तुझा चांदीचा छल्ला सापडला का गं? ती गोष्ट तिच्या मुलानं तिला शपथ घालून सांगितली होती, दुसऱ्या कुणाला नाही. त्यानंतर ती दर अमावस्येला नाचणीच्या उकडीचे गोळे घेऊन यायची, त्याला भरवायची, आणि बाहेर पायरीवर बसून छाती पिटायची. आपण पोराला भरवतोय की त्याच्या मारेकऱ्याला, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मीही जायची. कधी चंद्रहास बोले, कधी तिम्मेश. मला दोघांचीही माया होती.

गेल्या दसऱ्याच्या आधी चंद्रहास गेला. झोपेत. मी म्हटलं, सुटली पोरं.

त्याच संध्याकाळी घरी सून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अत्ते, शीळ कोण घालतंय?"

खोलीत मी एकटीच होते.

मला जन्मात शीळ घालता आलेली नाही.

मुलाला सांगितलं तर डॉक्टरकडे नेईल. सुनेला, शुभाला, एवढंच सांगितलंय, मी हाक मारली की हातातलं टाक, पण ओ दे. ती हसते. "ओ अत्ते, ओ!" अशी गाण्यासारखी ओ देते. गुणी पोर आहे. सातवा महिना चालू आहे तिचा.

काल सकाळी मी तिला हाक मारली. मिक्सर चालू होता, तिला ऐकू गेली नसावी. मी पुन्हा हाक मारली. आणखी एकदा मारली...

पुढचं मला आठवत नाही.

भानावर आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शुभाची पाठ माझ्याकडे, वेणी एका बाजूला घेतलेली, मान उघडी. मिक्सर नुकताच थांबला होता.

माझ्या हातात नारळ सोलायचा कोयता होता.

"ओ अत्ते," ती मागे न वळता म्हणाली. "हाक मारलीत का?"