नळाचा आवाज

"आप्पांना तू जेवायला देतेस ना गं, अपेक्षा?"

नणंदेने, नंदाताईंनी, हा प्रश्न विचारला तेव्हा अपेक्षाच्या हातात सासऱ्यांचं जेवून झालेलं ताट होतं. रिकामं, भाताचं एक शीतही न उरलेलं... आणि ते ताट तसंच धरून ती स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखी उभी राहिली. पावणेतीन वर्षं जिने या घरात स्वतःच्या जेवणाची वेळ पाहिली नाही, तिला हा प्रश्न! आणि विचारणारी कोण, तर हडपसरहून महिन्यातून दोनदा येऊन, अत्तर लावलेला रुमाल नाकाशी धरून, खोलीच्या उंबऱ्यावरूनच "आप्पा, बरे आहात ना?" म्हणणारी आणि डझनभर केळी ठेवून दहा मिनिटांत निघणारी लेक!

त्या सकाळीच दवाखान्यात अपेक्षाच्या नवऱ्याने, योगेशने, वडिलांना दोन्ही हातांवर उचलून काट्यावर पाय ठेवला होता, मग त्यांना निजवून एकट्याचं वजन केलं होतं, आणि वजाबाकी करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आठ महिन्यांत अकरा किलो! रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत. हे जेवतात का?"

"जेवतात. रोज ताट रिकामं असतं," अपेक्षा म्हणाली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. "आणि तुम्ही जेवता का?" त्यांनी विचारलं. त्यावर तिच्याऐवजी योगेशच हसून म्हणाला होता, "तिला आता सवय झालीय, डॉक्टर."

सवय! या एका शब्दाची अपेक्षाला जितकी घृणा आली होती तितकी त्या खोलीतल्या कशाचीच आली नव्हती. जो येई तो तेच म्हणे. तुला सवय झाली असेल नाही आता? जणू किळस हा पायातला नवा जोडा होता, चार दिवस लागेल आणि मग सैल होईल.

"पुढच्या रविवारी आम्ही आप्पांना आमच्याकडे नेणार," नंदाताई म्हणाल्या. "गाडी सांगून ठेवलीय. उपाशी मरायला नाही ठेवायचे मला माझे वडील."

अपेक्षाने नवऱ्याकडे पाहिलं. योगेशने मोबाइलवरून मान वर केली नाही... ताईंचे शब्द एक वेळ पुसता आले असते, पण त्या खाली घातलेल्या मानेचं काय करायचं?

आप्पा म्हणजे वैजनाथ गुरुजी, एके काळी परळीकडच्या एका खेड्यातल्या शाळेचे हेडमास्तर. प्रार्थनेनंतर मुलांची नखं तपासणारे, स्वतःचं धोतर स्वतः धुणारे. बायको गेल्यावर ते मुलाकडे पुण्यात बिबवेवाडीला आले, तेव्हा स्वयंपाकघरात पाणी प्यायला यायचं तरी आधी बाहेरून खाकरत. सून आत आहे, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून! त्या माणसाची एका पहाटे उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि ज्या सुनेसमोर ते कधी उघड्या अंगाने बसले नव्हते तिच्याच हातून डायपर बदलून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली.

अपेक्षा खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये होती. "दोनतीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," योगेश म्हणाला, म्हणून तिने नोकरी सोडली. कामाला ठेवलेल्या दोन मावशी पंधरा-पंधरा दिवसांत पळाल्या. तिसरी ठेवायचं कुणी नावच काढलं नाही, कारण "आप्पांना घरच्याच माणसाच्या हातून बरं वाटतं." हे आप्पांना कुणी विचारलं होतं, देव जाणे. सकाळी ती त्या खोलीत गेली की योगेश हळूच दार ओढून घेई, टीव्हीचा आवाज वाढवी आणि पोहे खाई.

आणि अपेक्षाला किळस यायची. पहिल्या दिवशी आली तशीच आजही यायची... बादली, फडकी, तो पिवळा रंग! ती हसत बाहेर येई, न्हाणीघरात जाई, नळ पूर्ण सोडी आणि त्या आवाजाआड ओकून घेई. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. मग तोंड धुऊन पुन्हा हसत बाहेर. दीड वर्ष झालं, तिने वरण तोंडात घातलं नव्हतं. पिवळं काही समोर आलं की पोटात ढवळून यायचं. रोज सगळ्यांना ती वरण वाढत होती आणि स्वतः कोरडी पोळी गिळत होती, पण समोर बसून जेवणाऱ्याला ते एकदाही दिसलं नव्हतं!

त्यातच तीन आठवड्यांपूर्वी तो नवा वास सुरू झाला. नेहमीचा नव्हे; सडका, गोडसर, घशात बसणारा. तिने फरशी फिनेलने पुसली, चादरी उकळल्या, आप्पांची पाठ पुन्हा पुन्हा तपासली, कुठे जखम तर चिघळली नाही ना. काहीच नव्हतं. "त्या खोलीला वास येणारच," योगेश म्हणाला आणि पहाटेचे कॉल असतात म्हणून दोघांची खोली सोडून बाहेर कोचावर झोपायला लागला. मग हळूहळू तिला वाटू लागलं, हा वास खोलीला नाही, आपल्या अंगालाच येतोय. आपलंच काहीतरी सडलंय. ती दिवसातून तीनदा अंघोळ करायची आणि पुसलेले हात पुन्हा पुन्हा नाकाशी न्यायची.

त्याहूनही भयंकर गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. एका दुपारी आप्पांना कुशीवर वळवताना तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं होतं, 'सुटत का नाही हा माणूस एकदाचा!' ताईंनी अकरा किलोंचा जाब विचारला तेव्हा तिचं काळीज लक्क झालं ते म्हणूनच. आपल्या त्या विचारानेच तर त्यांना आतून खाल्लं नाही ना?

आठवडाभर ती त्यांना दोन घास जास्त वाढत राहिली. "समोर बसू का, आप्पा?" ती विचारी. डाव्या हाताने ताट जवळ ओढून ते नेहमीसारखेच म्हणत, "तू जा... मी खातो." ती जाई. थोड्या वेळाने ताट रिकामं.

रविवारी ताई आल्या. रुमाल होताच.

"गादीसुद्धा घे रे, योगेश. त्यांना त्याच गादीची सवय आहे."

योगेशने आप्पांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं, आणि तो गादीकडे वळताच आप्पा ओरडले. कित्येक महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "नको! गादी... नको!" डाव्या हाताने त्यांनी चादरीचं टोक घट्ट धरून ठेवलं. ते सोडवून योगेशने गादी खेचली आणि दिवाण भिंतीपासून पुढे सरकला.

भिंतीच्या फटीत वर्तमानपत्राच्या पुड्याच पुड्या होत्या. एका हाताने चुरगाळून केलेल्या, तेलकट, ओल्या. एक फुटली. हिरवट भात, काळी पडलेली पोळी, आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या... वासाचा असा लोट आला की ताई ओकारी दाबत उंबऱ्यापर्यंत मागे गेल्या. पण तोंड त्यांचं बंद झालं नाही.

"बघितलंस? बघितलंस तुझ्या बायकोचं! रिकामी ताटं दाखवायची आणि अन्न इथं कोंबायचं! अगं, वैरीसुद्धा असं करत नाही गं!"

योगेश अळ्यांकडे पाहत होता. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

"अपेक्षा... हे तू?"

दोनच शब्द! पावणेतीन वर्षं दातांमागे धरून ठेवलेलं सगळं त्या दोन शब्दांनी फोडलं.

"मी? हो, मीच! या घरात सगळं मीच तर करते! सवय झालीय ना मला?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तर ऐका. मला किळस येते! रोज येते. तुमच्या वडिलांच्या अंगाची येते, त्या बादलीची येते, माझ्या या हातांची येते! दीड वर्ष मी वरण खाल्लेलं नाही, कुणाला माहीत आहे? रोज ओकते मी, रोज! आणि ताई, त्यापेक्षाही जास्त किळस मला तुमच्या त्या रुमालाची येते. आणि तुझी, योगेश, बाहेर पोहे खात दार ओढून घेतोस ना, तेव्हा तुझी! पण अन्न... अन्न नाही रे मी कुणाचं काढून घेतलं..."

आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. आप्पांच्या समोरच आपण हे बोललो, हे तिला तेव्हा उमगलं. तिने तोंडावर हात दाबला, पण आता काय उपयोग होता?

"मी," आप्पा म्हणाले.

कुणालाच कळलं नाही.

"मी... टाकलं." डावा हात छातीवर आपटत ते एकेक शब्द ओढून काढू लागले. "आधी खिडकीतून... कावळ्यांना. मग जाळी... आली."

अपेक्षाला आठवलं. खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई दोनतीनदा तक्रार घेऊन आल्या होत्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर वरून भात पडतो म्हणून, आणि "कावळ्यांचे लाड करायला मला वेळ आहे का?" असं म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं होतं. महिन्याभरापूर्वी सोसायटीने कबुतरांसाठी सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. आणि वर्तमानपत्र... ते तर या घरात आप्पांशिवाय कुणी उघडतही नव्हतं.

"पण का, आप्पा?" योगेशने विचारलं.

"कमी खाल्लं... तर कमी... धुवावं लागतं. तिला."

योगेशने हातातलं गादीचं टोक सोडून दिलं.

"ती ओकते... नळ सोडते. मला ऐकू येतं. कान... चांगले आहेत माझे." गुरुजींच्या वाकड्या झालेल्या ओठांतून लाळ गळत होती आणि ती पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी लेकीकडे बोट केलं. "तू रुमाल... धरतेस. तिने... एकदाही नाही धरला. माझ्यासमोर... हसते. मी येतो, नंदा, तुझ्याकडे. ती सुटेल. पण तिला... बोल लावू नको."

मग त्यांनी अपेक्षाकडे पाहिलं. या पावणेतीन वर्षांत धुण्यापुसण्याच्या वेळी ते कायम भिंतीकडे पाहत आले होते. तिच्या डोळ्यांत त्यांनी असं आज पहिल्यांदाच पाहिलं.

"मला पण येते, पोरी," ते म्हणाले. "किळस. माझी."

अपेक्षाच्या तोंडून हुंदका फुटला. ती तशीच गुडघ्यांवर सरकत गेली आणि त्यांच्या निर्जीव उजव्या हातावर कपाळ टेकून रडली... लाजेने, संतापाने, आणि सुटल्यासारखीही. दोन माणसं एका खोलीत पावणेतीन वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि एकाने त्यासाठी अकरा किलो उपाशी राहावं!

नंदाताईंच्या हातातला रुमाल कधीच गळून पडला होता. त्यांनी केराची सुपली आणली, पदर खोचला आणि त्या पुड्या भरायला लागल्या. मध्येच त्यांना भडभडून आलं, त्या न्हाणीघराकडे धावल्या, परत आल्या आणि पुन्हा खाली बसल्या. माफी मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण शेवटची अळी त्यांनीच उचलली.

"गाडी परत पाठवा, ताई," अपेक्षा डोळे पुसत म्हणाली. "आप्पा इथेच राहतील. पण मी एकटी करणार नाही. सकाळचं सगळं योगेश करेल, कॉल असो नाहीतर नसो. मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही या. केळी आणू नका."

"येईन," ताई खाली पाहत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेश बादली घेऊन खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो न्हाणीघरात पळाला, आणि नळ पूर्ण सुटल्याचा आवाज आला. अपेक्षा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिला हसू आलं आणि मग त्याची थोडी दयाही आली. त्या दिवशी त्याने पोहे खाल्ले नाहीत. संध्याकाळी त्याने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, स्वतःच्या तोंडाने, आणि त्यांनी अपेक्षासाठीही एका समुपदेशक बाईंच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. गुरुवारी दुपारी योगेश घरी थांबला आणि अपेक्षा त्या बाईंकडे जाऊन आली. तिथे तिने पहिल्यांदा, 'सुटत का नाही हा माणूस' हे वाक्य मोठ्याने उच्चारलं. बाई दचकल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी या म्हणाल्या.

किळस मात्र गेली नाही. ती जाणारही नव्हती, असं तिला आता कळून चुकलं होतं.

शुक्रवारी ताई येऊन आप्पांना पुसून गेल्या. दुपारी अपेक्षाने दोन ताटं वाढली आणि ती आप्पांच्या खोलीत नेली. वर्तमानपत्र उचलून तिने दाराबाहेर ठेवलं.

"आजपासून मी इथेच जेवणार," ती म्हणाली. "तुम्ही पुडी बांधायची नाही. मी नळ सोडणार नाही. कबूल?"

आप्पांनी ताट जवळ ओढलं. मग मान हलवली.

तिने स्वतःच्या भातावर वरण ओतलं. पिवळंधमक. एक घास कालवला, डोळे मिटले आणि गिळला. दुसरा गिळला. तिसरा ताटातच सोडून ती उठून न्हाणीघराकडे धावली. सवयीने हात नळावर गेला, क्षणभर थांबला, आणि तिने तो मागे घेतला. सगळं घर ऐकेल इतक्या मोठ्याने ती ओकली.

तोंड पुसून ती परत आली तेव्हा आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांच्या डाव्या हातात घास होता, आणि तिच्याकडे पाहत पाहत त्यांनी तो तोंडात घातला.