सोळाशे बाय नऊशे

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या घरात, माझ्याच टेबलावर घडली आहे आणि अजून मिटलेली नाही.

खरं माना असं म्हणत नाही. वाद घालायची ताकदच उरलेली नाही माझ्यात.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. भुतंखेतं रात्री येतात म्हणे… आमच्याकडे दुपारी सव्वातीनला सुरू झालं. बुधवार होता. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं.

पण आधी मागचं सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

मी कॉम्प्युटर गेम तपासायचं काम करतो. घरूनच. लोकांना वाटतं, मजा आहे बुवा, दिवसभर खेळायचा पगार मिळतो. एकच दार तीनशे वेळा उघडायचं आणि तीनशे एकाव्या वेळी अडकलं की ते लिहून पाठवायचं, याला खेळणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

प्रत्येक गेम वेगवेगळ्या मोडमध्ये चालवून बघावा लागतो. फुल स्क्रीन, म्हणजे सगळा पडदा गेमचा, मागचं काही दिसत नाही. विंडो, म्हणजे गेम एका चौकटीत आणि बाजूला बाकीची कामं. आमच्या टीममध्ये एक जुना माणूस आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. नवीन आलेल्यांना तो एकच सांगतो, "एकटा असशील तर फुल लाव. घरात माणसं असतील तर विंडो."

माझ्या घरात आई होती.

अर्धांगवायूनंतर दीड वर्ष ती अंथरुणाला खिळून होती. वाचा गेली होती. फक्त डावा हात चालायचा. तिची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तिच्या पलंगासमोर मी कॅमेरा लावला होता. माझा पडदा एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी पिक्सेलचा. मी गेम सोळाशे बाय नऊशेच्या चौकटीत, वर डाव्या बाजूला चिकटवून लावायचो. खाली उजवीकडे कोपरा उरायचा.

त्या कोपऱ्यात आई.

तिच्या हाताशी एक स्टीलचा चमचा असायचा. तो ती पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजवायची. एकदा वाजवला की पाणी. दोनदा म्हणजे कूस बदल. तीनदा म्हणजे काही नको, नुसता ये. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तीनच वाजायचे, खोटं कशाला बोलू… कधीकधी मी वैतागायचो.

फुल स्क्रीनची तपासणी असली की कोपरा झाकला जायचा. मग मी धाकट्या बहिणीला मेसेज टाकायचो. ती दुसऱ्या शहरात राहते, पण कॅमेऱ्याचं ॲप तिच्याही फोनमध्ये होतं. मी लिहायचो, "फुल." ती लिहायची, "बघतेय." दीड वर्ष आमचं बहीण-भावाचं बोलणं बहुतेक याच दोन शब्दांवर चाललं.

एका बुधवारी मी तो मेसेज टाकला नाही.

कारण विचाराल तर काही नाही. थकलो होतो. वीस मिनिटांचं काम होतं. म्हटलं, वीस मिनिटांनी काय होतंय. हेडफोन चढवले, फुल स्क्रीन लावली.

वीसची पस्तीस झाली.

गेम बंद केला तेव्हा कोपऱ्यात आई दिसली. चमचा खाली पडलेला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही शेजारी असता तरी काही करता आलं नसतं. चांगला माणूस होता. बहिणीला मी फोनवर सांगितलं, "झोपेतच गेली गं. कळलंसुद्धा नाही तिला."

ती लगेच म्हणाली, "सुटली बिचारी."

कॅमेऱ्याच्या कार्डावर त्या दुपारचं रेकॉर्डिंग होतं. अकरा मिनिटांचं. सुरुवातीची चार मिनिटं पाहिली. आई सरळ कॅमेऱ्याकडे बघत चमचा वाजवत होती. टण… टण… टण. मग थांबायची. मग पुन्हा तीनदा.

पुढचं मला बघवलं नाही. पुसून टाकायचंही धाडस होईना. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं, ॲप काढून टाकलं, कॅमेरा खोक्यात घालून कपाटावर ठेवला. पलंग भाड्याचा होता, तो परत गेला. खोलीत फरशीवर पायांचे चार डाग तेवढे राहिले.

दीड महिन्यानंतर मी पुन्हा कामाला बसलो. तो अगदी सुरुवातीला सांगितलेला बुधवार.

नवा गेम आला होता. आता घरात कुणी नव्हतं. मी फुल स्क्रीन लावली.

तीन सेकंदांनी चित्र लहान झालं… आणि सरकून वर डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

पुन्हा फुल केलं. पुन्हा लहान झालं.

मी तपासनीस माणूस. लगेच आकार मोजला. सोळाशे बाय नऊशे.

म्हटलं, जुनं सेटिंग राहिलं असेल. सेटिंग पुसलं. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. दुसरा गेम लावून पाहिला. साधा व्हिडिओ मोठा करून पाहिला. सगळं घोडं तिथंच पेंड खायचं.

मग नेहमीच्या सवयीने पडद्याचा फोटो घेतला आणि तक्रार लिहून मास्तरला पाठवली.

त्याचा फोन आला. "अरे, काय पाठवलंयस? फोटोत तर फुल स्क्रीन आहे."

मी फोटो उघडला. खरंच… कडेपासून कडेपर्यंत गेमच होता. फोटो बंद करून पडद्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा.

"तुझा पडदा दाखव मला," मास्तर म्हणाला. त्याने त्याच्या कॉम्प्युटरवरून माझा पडदा पाहिला. "फुलच दिसतोय रे. झोप होते ना तुझी? आई गेल्यापासून एकही सुट्टी नाही घेतलीस. चार दिवस पड जरा."

तक्रारीवर त्याने शेरा मारला, 'पुन्हा घडवून दाखवता येत नाही.' हजार वेळा हाच शेरा वाचलाय मी. तेव्हा मात्र तो पुन्हा पुन्हा वाचला.

काम तर करायचंच होतं. मी तसाच बसलो, रिकाम्या कोपऱ्यासकट. त्या कोपऱ्यात खरंतर मागचा निळा पडदा दिसायला हवा होता.

पण कोपरा राखाडी होता.

मध्ये एक छोटं वर्तुळ गोल फिरत होतं. खाली अगदी बारीक अक्षरं. मी वाकून वाचली.

'जोडत आहे…'

कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये यायची ती अक्षरं. ॲप मी काढून टाकलं होतं. उठून कपाटावरचं खोकं उघडलं. कॅमेरा तिथंच होता, वायर गुंडाळलेली, वर धूळ.

परत येऊन बसलो. वर्तुळ फिरतच होतं.

सव्वातीनला हेडफोनमध्ये आवाज आला.

टण…

टण…

टण.

हेडफोन काढले. घरात चिडीचूप. समोरचं ड्रिलही थांबलं होतं. हेडफोन लावले…

टण… टण… टण.

नुसता ये.

मी गेलोही. खरं सांगतो, उठून त्या खोलीत गेलो. फरशीवर ते चार डाग आणि त्यांच्यामध्ये मी. वेड्यासारखं मोठ्याने म्हटलं, "आलो गं." कुणीही काही बोललं नाही. आणि बोलणार कोण?

तीन महिने हे चाललं. रोज दुपारी, सव्वातीन ते तीन सव्वीस. अकरा मिनिटं. मी भ्यायचंसुद्धा सोडून दिलं होतं. भीतीलाही जोर लागतो.

एक दिवस वाटलं, हे माझ्या खोटेपणाचं आहे. बहिणीला खरं सांगितल्याशिवाय सुटका नाही. ती बोलणं टाकेल, तर टाकू दे.

फोन लावला. सगळं सांगितलं. मेसेज टाकला नाही ते, फुल स्क्रीनचं, चमच्याचं. पडद्याचंही सांगितलं.



"ऐकतेयस ना? शिव्या दे मला, पण काहीतरी बोल."

"दादा…" ती म्हणाली. "तुझा मेसेज आला नाही तरी मी तीनला बघायचेच रे. रोज. सवयच झाली होती. त्या दिवशीही ॲप चालू होतं."

"मग?"

"मग काय. आवाज बंद केला होता. वर पिक्चर लावला होता, फुल करून. अर्धा तास म्हटलं, फक्त अर्धा तास माझ्यासाठी." तिचा आवाज चिरकला. "तू म्हणालास झोपेत गेली. मी लगेच मान्य केलं. विचारलं असतं, तर तूही मला विचारलं असतंस ना, की तू कुठे होतीस?"

मला तिचा राग आला नाही. राग यायला आधी आपण स्वच्छ असावं लागतं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "माझ्याही फोनवर होतं ते. कुठलाही व्हिडिओ फुल होत नाही. खाली पट्टी उरते… राखाडी. आणि सव्वातीनला चमचा वाजतो. नवरा म्हणतो, अगं फुलच आहे."

त्या दिवशी आम्ही दोघं फोनवर पोटभर रडलो. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी फुल स्क्रीन लावली. लागली. कडेपासून कडेपर्यंत. सव्वातीन झाले… तीन सव्वीस झाले. काही नाही. बहिणीला मेसेज टाकला, "फुल." तिचा आला, "माझ्याकडेही."

आठ दिवस शांततेत गेले. मी झोपलो. पोटभर जेवलो. मास्तरशी चार विनोदही केले.

नवव्या दिवशी, बुधवारी, चित्र पुन्हा लहान झालं.

सोळाशे बाय नऊशे. कोपरा राखाडी. वर्तुळ फिरत होतं. मी हेडफोन घट्ट धरले.

टण… टण… टण…

टण.

चुकून ऐकलं असेल. पुन्हा वाजलं. मोजलं. चारच.

तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती. तिने माझी विचारपूस केली नाही. हळूच म्हणाली,

"दादा… चार म्हणजे काय रे?"

मला माहीत नाही. आम्ही तीनपर्यंतच ठरवलं होतं. चौथ्याची आईला कधी गरजच पडली नव्हती. किंवा पडली असेल, त्या दुपारी, शेवटच्या सात मिनिटांत. कार्डावर ते असणार.

कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे. आज बहीण आली आहे. सकाळपासून आम्ही दोघं माझ्या टेबलापाशी बसलोय आणि दोघांपैकी कुणीही ड्रॉवरला हात लावलेला नाही.

आता तीन वाजून बारा मिनिटं झाली आहेत.